सहाव्या क्रमांकाचा पुणेकर

(दृश्य : ड्रेसिंग रूममध्ये पॅड बांधून बसलेला फलंदाज)

७३ एकदिवसीय सामने, आणि त्यात फलंदाजी फक्त ५२ वेळा. म्हणजे २१ सामन्यांत केदार जाधवच्या हाती बॅट यायची वेळच आली नाही. उरलेल्या ५२ डावांपैकी १९ डावांत तो नाबाद राहिला. त्याची कारकीर्द समजून घ्यायची, तर शतकांच्या आधी हे आकडे बघायला हवेत. मधल्या-खालच्या फळीतल्या फलंदाजाला आज काय वाढून ठेवलंय, हे सामना सुरू होताना माहीत नसतं. वरचे चांगले खेळले, तर वाट्याला शेवटची चार षटकं येतात. ते कोसळले, तर सगळा डाव याच्या खांद्यावर.

(दृश्य : कोथरूडचे रस्ते, मग पीवायसीचं मैदान)

मूळ गाव सोलापूर जिल्ह्यातलं, वडील वीज मंडळात नोकरीला, घर कोथरूडला. टेनिस बॉलच्या स्पर्धांमध्ये हात साफ केलेला हा मुलगा पीवायसी हिंदू जिमखाना या पुण्यातल्या क्लबकडून खेळत पुढे आला. पुढे येणं मात्र सोपं नव्हतं. महाराष्ट्राकडून वर्षानुवर्षं खेळूनही भारतीय संघाचं दार उघडत नव्हतं. २०१२ मध्ये पुण्याजवळच्या गहुंजेच्या मैदानावर त्याने उत्तर प्रदेशविरुद्ध ३२७ धावा केल्या. पुढच्याच, २०१३-१४ च्या रणजी मोसमात १२२३ धावा काढल्या आणि महाराष्ट्र अंतिम फेरीत पोहोचला. तिथे कर्नाटकाने हरवलं, पण केदारकडे दुर्लक्ष करणं आता कुणाला शक्य नव्हतं. नोव्हेंबर २०१४ मध्ये रांचीत श्रीलंकेविरुद्ध पहिला एकदिवसीय सामना मिळाला, तेव्हा तो २९ वर्षांचा होता.

पहिलं शतक आलं जुलै २०१५ मध्ये, हरारेत. ४ बाद ८२ अशी अवस्था असताना मनीष पांडेच्या साथीने डाव सावरत ८७ चेंडूंत नाबाद १०५. समोर झिंबाब्वे होता म्हणून त्या खेळीची फार चर्चा झाली नाही. खरं तर पुढे जे दिसणार होतं, ते सगळं त्या डावात होतं.

(दृश्य : द्रुतगती मार्ग, पलीकडे गहुंजेचं स्टेडियम)

१५ जानेवारी २०१७, रविवार. पूर्णवेळ कर्णधार म्हणून विराट कोहलीचा पहिला एकदिवसीय सामना, तोही पुण्यात. इंग्लंडने ७ बाद ३५० धावा ठोकल्या. उत्तरादाखल धवन १, राहुल ८, युवराज १५, धोनी ६. बाराव्या षटकात धावफलकावर ४ बाद ६३. अशा वेळी केदार मैदानात आला, आणि समोर गच्च भरलेलं घरचं मैदान.

तीनशे एक्कावन्नचा पाठलाग असा अडलेला असताना आधी जम बसवावा, असं कुणालाही वाटेल. केदारने तसं केलं नाही. उंची बेताची, पण चेंडूची दिशा आणि टप्पा फार लवकर ओळखायचा. जागा करून घेत मोकळ्या पट्ट्यात फटके मारत तो कोहलीपेक्षाही वेगाने धावा काढत होता. शतक ६५ चेंडूंत झालं. पायात गोळे आले, पळणं अवघड झालं, मग चेंडू सीमेपार धाडायचा. दोघांची भागीदारी बरोब्बर २०० धावांची. कोहली १०५ चेंडूंत १२२, केदार ७६ चेंडूंत १२०. दोघं बाद झाल्यावर हार्दिक पंड्याने नाबाद ४० धावा केल्या, अश्विनने षटकार मारला आणि भारत ११ चेंडू राखून जिंकला. सामनावीर केदार जाधव. ‘कोहलीचा पाठलाग’ म्हणून हा सामना आठवणाऱ्यांनी त्या दोघांचे चेंडू पुन्हा मोजावेत, असं मनापासून वाटतं.

आठवड्याने त्याच मालिकेत, कोलकात्यात, ईडन गार्डन्सवर, शेवटच्या षटकात १६ धावा हव्या होत्या. केदारने वोक्सला पहिल्या चेंडूवर षटकार मारला, दुसऱ्यावर चौकार. पुढचे दोन चेंडू निर्धाव गेले आणि पाचव्यावर तो ९० धावांवर बाद झाला. भारत ५ धावांनी हरला. मालिकावीर मात्र तोच, तीन सामन्यांत २३२ धावा करून.

गोलंदाजीचंही सांगायलाच हवं. हात खांद्याखाली नेऊन, जवळजवळ जमिनीलगत फेकलेला तो ऑफस्पिन. फलंदाजांना उसळी मिळायची नाही आणि भागीदारी फुटायची. २७ बळी त्याने असेच मिळवले.

(दृश्य : दुबई, रात्रीचा सामना)

२८ सप्टेंबर २०१८, आशिया चषकाची अंतिम लढत. बांगलादेशच्या सलामीवीरांनी १२० धावा जोडल्यावर ती जोडी फोडली केदारने. पाठलागात मांडीचा स्नायू दुखावला, तो डाव अर्धवट सोडून बाहेर गेला. गडी पडत गेले तसा तो लंगडत परत आला. शेवटच्या चेंडूवर लेगबायची, म्हणजे चेंडू बॅटला न लागता अंगाला लागून मिळणारी, एक धाव निघाली आणि चषक भारताचा झाला. केदार नाबाद २३.

२०१९ मध्ये मेलबर्नला नाबाद ६१, हैदराबादला नाबाद ८१. दोन्ही वेळा ऑस्ट्रेलियासमोर, दोन्ही वेळा पलीकडे धोनी आणि दोन्ही वेळा विजय. त्याच वर्षी विश्वचषकात मात्र अफगाणिस्तानविरुद्धच्या ५२ धावांपलीकडे फारसं काही जमलं नाही आणि उपांत्य सामन्याच्या संघात तो नव्हता. फेब्रुवारी २०२० मध्ये ऑकलंडला शेवटचा एकदिवसीय सामना. एकूण १३८९ धावा, सरासरी ४२.०९, दर शंभर चेंडूंमागे १०१ हून जास्त धावा. खाली खेळून ४२ ची सरासरी आणि हा वेग, दोन्ही एकत्र टिकवणारे भारतात फार थोडे झाले.

संघाबाहेर गेल्यावरही तो महाराष्ट्रासाठी उभा राहिला. जानेवारी २०२३ मध्ये, सदतिसाव्या वर्षी, रणजीत आसामविरुद्ध २८३ धावा. ३ जून २०२४ रोजी त्याने छोटासा संदेश टाकला : दुपारी तीन वाजल्यापासून मला सर्व प्रकारच्या क्रिकेटमधून निवृत्त समजा.