तेलाचे कॅन, दुधाच्या पिशव्या आणि एक सायकल

(दृश्य : शनिवार पेठेतला वाडा. चौकात उलटी ठेवलेली सायकल, हाताने फिरवलेलं मागचं चाक.)

ही सायकल सहा वर्षं जिन्याखाली उभी होती. मुलाला कॉलेजसाठी घेतलेली, गिअरची. मुलगा गाडीवर जायला लागला आणि हिच्यावर जुन्या पायपुसण्यांचा ढीग साठला. काका सांगतात, "दुकानातून आली तेव्हाच हिला मडगार्ड नव्हतं, कॅरिअर नव्हतं, स्टँड नव्हता. घंटीचेसुद्धा वेगळे पैसे."

काकांच्या वडलांच्या काळ्या सायकलीला हे सगळं होतं. शिवाय चेनकव्हर, डायनॅमो आणि नगरपालिकेचा बिल्ला. मधे कधीतरी कुणीतरी ठरवून टाकलं, की सायकल म्हणजे रविवारी पहाटे सिंहगडाच्या पायथ्यापर्यंत जाऊन यायची वस्तू.

काकूंना मंडईतून भाजी आणायची होती. म्हणून दोघांनी टाकाऊ वस्तू जोडून हीच सायकल त्या कामाची करायला घेतली.

(दृश्य : तेलाचे दोन कॅन. बुडाचा क्लोजअप.)

पंधरा लिटरचे हे कॅन गल्लीतल्या पोळीभाजी केंद्राने फुकट दिले. काका आधी कॅन उलटा करून बूड बघतात. तिथे त्रिकोणात २ हा आकडा हवा. हे प्लास्टिक चिवट असतं, उकळत्या पाण्याने नरम होतं आणि वाकवता येतं. १ आकड्याचं, म्हणजे पाण्याच्या बाटलीचं प्लास्टिक उकळत्या पाण्यात आक्रसून वेडंवाकडं होतं. कॅमेऱ्यासमोर त्यांनी एक बाटली मुद्दाम बुडवून दाखवली. बघा.

आतलं तेल नुसत्या साबणाने जात नाही. काकू मूठभर डाळीचं पीठ टाकतात, कॅन खळाखळा हलवतात, मग गरम पाणी. वर मार्करची रेघ, रेघेवरून हॅक्सॉ ब्लेड. आम्ही पोचलो तेव्हा पहिला कॅन कापून झाला होता, म्हणून हा दुसरा.

(दृश्य : जुनी ट्यूब लांबीने चिरताना. पांढरी पूड उडते.)

ती पूड म्हणजे शंखजिरं. ट्यूब आतून चिकटू नये म्हणून कारखान्यातच घालतात. चिरलेली ट्यूब कॅनच्या कापलेल्या काठावर गोटासारखी बसते, मग हात कापत नाही. उरलेल्या ट्यूबच्या पट्ट्या. दूधवाले आणि गॅसवाले कॅरिअरला जशा बांधायचे, तशाच. गाठ मारायची नाही. ताणून वेढे घ्यायचे आणि टोक शेवटच्या वेढ्याखाली खोचायचं. सोडताना एका झटक्यात सुटतं.

आता कॅन लटकवायचा कशाला? कॅरिअर घरी होत नाही, ते जुन्या बाजारातून आणलं. त्या दिवशी कॅमेरा नव्हता. कॅनला हूक मात्र घरचे. प्लास्टिकची बादली फुटते, पण तिची तारेची कडी तशीच राहते. पकडीत धरून ती कडी दोन्ही टोकांना वाकवायची. तापवलेल्या स्क्रूने कॅनला भोकं पाडायची, आणि प्रत्येक भोकाशी आतून-बाहेरून हवाई चपलेच्या तळाची चकती. ती नसेल तर तार वजनाने प्लास्टिक फाडत खाली येते. तुटलेल्या एका चपलेत आठ चकत्या निघाल्या. अंगठ्याचा भाग झिजलेला, तो सोडला.

पहिल्या दिवशी कॅन पुढे बसला आणि पायडल मारताना काकूंची टाच त्याला थडकायला लागली. "अहो, मागे घ्या की जरा!" मग चार बोटं मागे.

(दृश्य : काकूंचे हात. क्रोशाची सुई, मांडीवर निळं-पांढरं जाळीकाम.)

हे या घरातलं सगळ्यात देखणं काम. दुधाची अर्ध्या लिटरची पिशवी धुऊन, वाळवून, वरखालच्या शिवणी कापून टाकायच्या. उरते नळी. ती गोल गोल कापत गेलं, बोटभर रुंदीची, की न तुटता चार-साडेचार मीटरची पट्टी निघते. ती या सुईवर लोकरीसारखी चालते. तिची जाळी विणून मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना ताणून बसवायची, म्हणजे पदर, ओढणी आऱ्यांत अडकत नाही. लेडीज सायकलला ही जाळी पूर्वी असायची. दोन्ही बाजू मिळून काकूंच्या घरचं सव्वा महिन्याचं दूध लागलं.

२०१८ च्या प्लास्टिकबंदीत दुधाच्या पिशव्यांना सूट मिळाली ती एका अटीवर. ग्राहकाने रिकामी पिशवी परत केली की त्याला ५० पैसे द्यायचे. काकूंना ते पन्नास पैसे आजवर कुणी दिलेले नाहीत.

(दृश्य : संध्याकाळ. चौकातला दिवा बंद. टॉर्चच्या झोतात सायकल.)

मागे लटकवलेली सीडी छान चमकते, पण बहुतेक उजेड भलतीकडेच फेकते. मागून येणाऱ्या गाडीवाल्याच्या डोळ्यापर्यंत फारसा पोचत नाही. जुन्या दप्तरावरची राखाडी पट्टी दिवसा मळकट दिसते आणि झोत पडला की उजेड आला त्याच वाटेने परत पाठवते. काकांनी दोन्ही बांधलंय. सीडी नातवाच्या हट्टामुळे.

मडगार्ड कॅनच्या उरलेल्या तुकड्याचं. एका उन्हाळ्यात ते कडक होतं, तडा जातो, मग दुसरं.

(दृश्य : सकाळ. महात्मा फुले मंडई. गर्दीतून सायकल हातात धरून चालणाऱ्या काकू.)

उजव्या कॅनमध्ये चार किलो कांदे. डावीकडे कोथिंबिरीची एक जुडी आणि आलं. बाहेर पडताना सायकल उजवीकडे ओढायला लागते. काकू कडेला थांबतात, कंबरेने सायकल तोलून धरतात आणि कांदे एकेक करून डावीकडे टाकायला लागतात. मागचा रिक्षावाला हॉर्न वाजवतो. काकू मोजतच राहतात.