विग्दीस उभ्या राहिल्या

[दृश्य: माणसांनी गच्च भरलेला चौक. जुनं कृष्णधवल छायाचित्र, सावकाश जवळ जाताना.]

ही गर्दी नीट बघा. कडेवर मुलं, हातात फलक, आणि नजर जाईल तिथवर बायकाच बायका.

तारीख २४ ऑक्टोबर १९७५, वार शुक्रवार. आइसलँडची राजधानी रेक्याविक. देशाची लोकसंख्या तेव्हा सव्वादोन लाखसुद्धा नव्हती, आणि या एका चौकात जवळपास २५ हजार बायका जमल्या होत्या.

त्या दिवशी देशातल्या सुमारे ९० टक्के बायकांनी कामाला हात लावला नाही. ऑफिसातल्या नाही, मासळीच्या कारखान्यातल्या नाही, आणि घरातल्याही नाही. पुढाकार घेणाऱ्यांपैकी काही जणींना याला सरळ ‘संप’ म्हणायचं होतं. पण त्या शब्दाला बिचकणाऱ्या पुष्कळ होत्या. मग नाव ठरलं ‘बायकांची सुट्टी’. एक शब्द बदलला आणि घराघरातून बायका बाहेर पडल्या.

[दृश्य: ऑफिसात मुलांना घेऊन आलेले वडील.]

बँकेच्या काउंटरवर साहेब लोक बसले. वडील मुलांना घेऊन कामावर आले. रेडिओवर बातम्या चालू असताना मागून पोरांचा गलका ऐकू येत होता. दुकानांतले सॉसेज संपले, कारण पटकन शिजणारं आणि मुलं मुकाट्यानं खातील असं तेवढंच होतं.

या गर्दीत एका नाट्यसंस्थेच्या प्रमुखही होत्या. नाटकाची तालीम सोडून त्या आणि त्यांच्या सहकारी बायका चौकात आल्या होत्या. सोबत त्यांची आई आणि तीन वर्षांची मुलगी. नाव विग्दीस फिनबोगादोत्तीर. फिनबोगादोत्तीर म्हणजे फिनबोगीची लेक, हे आडनाव नव्हे. तिथे राष्ट्राध्यक्षांनाही लोक पहिल्या नावानंच हाक मारतात. म्हणून आपणही म्हणू, विग्दीस.

[दृश्य: बंदर. ट्रॉलर, दोरखंड, जाळी.]

१९८० च्या सुरुवातीला राष्ट्राध्यक्ष क्रिस्त्यान एल्द्यार्न यांनी पुन्हा उभं राहणार नाही असं जाहीर केलं. नावांची चर्चा सुरू झाली. विग्दीस यांचंही नाव निघालं, आणि त्यांनी ते झटकून टाकलं. त्या फ्रेंचच्या शिक्षिका, टीव्हीवरही फ्रेंच शिकवलेल्या, नाटकात रमलेल्या. घटस्फोटित. एकटीनं मूल दत्तक घेतलेल्या, आणि तेही एकट्या बाईला मूल मिळणं अगदी दुर्मीळ होतं त्या काळात.

मग समुद्रातून तार आली. मासेमारीच्या एका ट्रॉलरवरच्या खलाशांची. तुम्ही उभ्या राहा, असं त्यांचं सांगणं होतं.

खलाशांनीच का? विग्दीस यांनी नंतर कारण सांगितलं, ते ऐकण्यासारखं आहे. नवरा समुद्रावर असतो तेव्हा घर, पैसा, मुलं, दुखणीखुपणी, सगळं बायकोच बघते. बाईला कारभार झेपतो की नाही, हा प्रश्न खलाशाला पडतच नाही. घरातली बाई कर्तबगार आहे हे पुष्कळांना ठाऊक असतं. तिच्यासारखीला देशाच्या सर्वोच्च पदासाठी उभं राहा म्हणणारे विरळा, आणि इथे ते भर समुद्रातून म्हणत होते.

[दृश्य: सभा. लाकडी खुर्च्या, कॉफीचे कप.]

आइसलँडमध्ये राष्ट्राध्यक्षपदासाठी उभं राहायला किमान १,५०० मतदारांच्या सह्या लागतात. सह्या जमल्या. समोर तीन पुरुष उमेदवार: गुडलाउगुर थोरवाल्डसन, एकेकाळी फुटबॉल गाजवलेले खासदार आल्बर्ट गुडमुंडसन आणि मुत्सद्दी पेतुर थोरस्टाइनसन. तिघेही विवाहित. त्यामुळे राष्ट्राध्यक्षांच्या निवासात पाहुण्यांचं आगतस्वागत कोण करणार, ही काळजी फक्त विग्दीस यांच्याबाबत वाहिली गेली. आज हे ऐकतानाही चीड येते.

एक प्रसंग याहून जिव्हारी लागणारा. विग्दीस यांना स्तनाचा कर्करोग झाला होता आणि एक स्तन काढावा लागला होता. प्रचारात एका पुरुषानं तो विषय काढला. विग्दीस यांच्या उत्तराचा मथितार्थ असा: देशाला अंगावर पाजायचा माझा विचार नाही, देशाचं नेतृत्व करायचा आहे.

[दृश्य: मतमोजणी. कागदावर आकडे लिहिणारा हात.]

मतदान २९ जून १९८०. नव्वद टक्क्यांहून जास्त मतदार बाहेर पडले. रात्रभर आकडे वरखाली होत राहिले. विग्दीस ३३.८ टक्के, गुडलाउगुर ३२.३ टक्के. फरक दोन हजारांहूनही कमी मतांचा. तिथे दुसरी फेरी नसते. ज्याला सर्वाधिक मतं, तो निवडून आला. इथे, आली.

थेट लोकांच्या मतांनी निवडून आलेली जगातली पहिली महिला राष्ट्रप्रमुख. वय ५० वर्षं.

[दृश्य: घराची बाल्कनी. खाली जमलेले लोक. निवेदन थांबेल, फक्त आवाज.]

...

शेजारी उभी आहे ती त्यांची मुलगी. चौकात आली होती तीच.

पुढची १६ वर्षं विग्दीस पदावर होत्या. दोनदा तर त्यांच्याविरुद्ध कुणी उभंच राहिलं नाही. १९८३ मध्ये संसदेतल्या बायका ३ वरून ९ झाल्या, २००९ मध्ये योहाना सिगुर्दारदोत्तीर पहिल्या महिला पंतप्रधान झाल्या, आणि २०२४ मध्ये हाल्ला तोमासदोत्तीर दुसऱ्या महिला राष्ट्राध्यक्ष.

[दृश्य: मोकळं माळरान, वारा. हातात रोप.]

झाडं फारशी नसलेला हा देश. विग्दीस गावोगाव जात तेव्हा तीन रोपं लावत. एक मुलग्यांसाठी, एक मुलींसाठी. आणि हे तिसरं, अजून जन्माला न आलेल्यांसाठी.