पर्यायांवर हात ठेवा

नमस्कार श्रोतेहो. आपल्या इंदुरातली जी मुलं अमेरिकेतल्या कॉलेजांसाठी एसएटी देतात, त्यांच्याशी आणि त्यांच्या आईवडिलांशी आज थोडं बोलायचं आहे, तेही त्या परीक्षेतल्या एकाच प्रकारच्या प्रश्नाबद्दल. चार-पाच ओळींचा उतारा, मधे एक रिकामी जागा आणि खाली चार पर्याय: हाऊएव्हर, देअरफोर, फॉर एक्झाम्पल, सिमिलरली. वाक्यांना तर्कानं नीट जोडणारा शब्द कोणता, तेवढं निवडायचं.

चांगली हुशार मुलंही इथे मार्क घालवतात, आणि बहुतेकदा त्यांचं इंग्रजी कच्चं नसतं. व्याकरणाच्या प्रश्नात चुकीचा पर्याय कानाला खटकतो. इथे तो खटकत नाही, कारण चारही पर्याय व्याकरणात बसतात. एकेक घालून वाचून पाहा, सगळेच बरे वाटतात. मग त्यातल्या त्यात भारदस्त शब्द उचलला जातो. मोअरओव्हरचं नशीब त्यामुळेच जोरावर असतं.

म्हणून आधी पर्यायांवर हात ठेवा. अगदी खरोखर, पडद्यावर. दोन्ही वाक्यं वाचा आणि दुसरं वाक्य पहिल्याशी काय नातं सांगतंय, ते मराठीत, हिंदीत, घरी ज्या भाषेत भांडता त्या भाषेत स्वतःला सांगा. मगच हात काढा.

आपल्याच घरचं उदाहरण घेऊ. "अहिल्याबाई होळकरांनी राज्य चालवलं ते माळव्यात, नर्मदाकाठच्या महेश्वराहून. रिकामी जागा. त्यांनी बांधलेली देवळं गयेपासून सोमनाथपर्यंत सापडतात." पहिलं वाक्य ऐकून वाटतं, कामंही माळव्यातच असणार. दुसरं ती अपेक्षा मोडतं. तेव्हा इथे 'तरीही'. आता पहिलं वाक्य बदला: "अहिल्याबाईंनी आपल्या राज्याबाहेरही पुष्कळ बांधकामं केली. रिकामी जागा. काशी विश्वनाथाचं देऊळ त्यांनी 1780 साली पुन्हा उभारलं." बाई त्याच, देवळंही त्यांचीच, पण आता मोडायला अपेक्षाच नाही. मोठी गोष्ट आधी सांगितली, तिच्यातलीच एक नंतर. इथे 'उदाहरणार्थ'.

सगळ्यात जास्त फसगत होते ती कारणाच्या बाबतीत. "2016 च्या स्वच्छ सर्वेक्षणात इंदूर 25 वं होतं. 2017 साली ते पहिलं आलं." या दोहोंच्या मधे देअरफोर घालणारी मुलं भेटतात. का, तर एकामागून एक घडलं म्हणून. अहो, पंचविसावा नंबर हे पहिल्या नंबराचं कारण कसं होईल? कारण हवं तर ते लिहावं लागेल: दारोदार कचरागाड्या फिरू लागल्या, ओला आणि सुका कचरा वेगळा घेतला जाऊ लागला. ते वाक्य मधे आलं, की मग देअरफोर शोभतो. तोवर नुसतं 'पुढच्याच वर्षी' पुरे.

खरं तर आपण इंदुरी माणसं एका 'मतलब'वर अख्खा दिवस काढतो. कारण सांगायचं, मतलब. विरोध करायचा, तरी मतलब! बोलताना बाकीचं काम हातवारे करतात. छापील उताऱ्याला ती सोय नाही.

दोन शब्दांकडे जरा नीट बघा. 'इन्स्टेड' यायला आधी काहीतरी नाकारलेलं असावं लागतं: आज पोहे केले नाहीत, त्याऐवजी साबूदाण्याची खिचडी. आणि 'इन फॅक्ट' मागचंच म्हणणं आणखी जोरानं सांगतो, उलटं नाही. शिवाय पर्यायांत देअरफोर आणि कॉन्सिक्वेंटली दोन्ही दिसले, तर दोघांनाही बिनधास्त खोडा. अर्थ एकच, आणि बरोबर उत्तरही एकच असतं.

वेळेचं थोडक्यात सांगतो. वाचन-लेखनाचे दोन भाग, प्रत्येकात 27 प्रश्न आणि 32 मिनिटं. हे प्रश्न भागाच्या शेवटाकडे येतात, म्हणजे नेमके घाई झाल्यावर. त्या भागापुरतं मागेपुढे जाता येतं, तेव्हा हे छोटे प्रश्न आधी उरकायला हरकत नाही. चुकीला मार्क कापत नाहीत, म्हणून कोरं काही सोडू नका.

आईवडिलांनी शब्दांच्या याद्या पाठ करून घेऊ नयेत. त्यापेक्षा सकाळी पेपर वाचताना एखाद्या बातमीतल्या 'मात्र' किंवा 'त्यामुळे'वर अंगठा ठेवा आणि पोराला विचारा, इथे काय असेल? आणि का?

जाता जाता एक घरी करायला. "मध्य भारत राज्याचा कारभार हिवाळ्यात ग्वाल्हेरहून आणि उन्हाळ्यात इंदुरातून चाले. रिकामी जागा. 1 नोव्हेंबर 1956 ला मध्य प्रदेश झाला आणि राजधानी भोपाळला गेली." आजोबांना विचाराल तर ते 'दुर्दैवाने' म्हणतील. परीक्षेत आजोबांचं मत विचारत नाहीत.