बॉम्बरमॅन आपण अर्धाच खेळलोय!

तर मंडळी, हिरवी जमीन, राखाडी ठोकळे आणि मधे तो छोटासा पांढरा माणूस, आठवतोय ना? आपल्यातल्या बऱ्याच जणांनी हा गेम टीव्हीला जोडायच्या त्या डुप्लिकेट व्हिडिओ गेमवर खेळला, कॅसेटवर लिहिलेलं असायचं ९९९९९९९ इन वन आणि आत निघायचे जेमतेम वीस-पंचवीस, आणि चालू नाही झाली की काढायची, फुंकर मारायची, परत घुसवायची.

तो बॉम्बरमॅन १९८५ चा. जपानमध्ये सापोरोला हडसन सॉफ्ट नावाची कंपनी होती, तिने फॅमिकॉमसाठी, म्हणजे निंटेंडोच्या टीव्हीला जोडायच्या गेम मशीनसाठी काढलेला. त्याच्याही आधी १९८३ मध्ये कॉम्प्युटरवर एक आला होता, पण तो सोडा. ५० लेव्हल, बॉम्ब ठेवून विटा फोडायच्या, राक्षस मारायचे, विटेखाली लपलेला दरवाजा शोधायचा, आणि चुकून दरवाज्यावरच बॉम्ब फुटला की आतून अजून राक्षस बाहेर! बॉम्बरमॅन मुळात रोबोट, पन्नासावी लेव्हल संपली की तो माणूस होतो, आणि कोण निघतो माहितीये? लोड रनर या दुसऱ्याच गेमचा हिरो. आमच्या वाड्यात तिथपर्यंत कोणीच पोचलं नव्हतं हो.

पण त्यात खेळायचं एकट्यानेच. दुसरा कंट्रोलर नुसता शोभेला. माझा भाऊ खेळायचा आणि मी बाजूला बसून 'तू मेलास की मी' करत राहायचो.

आणि खरी गंमत तर तिथेच आहे, म्हणजे जी आपल्याला मिळालीच नाही ती. १९९० मध्ये पीसी इंजिन नावाच्या गेम मशीनवर बॉम्बरमॅन आला आणि त्यात मल्टिटॅप, म्हणजे जास्त कंट्रोलर जोडायचा डबा, लावून पाच जण एकमेकांना उडवू शकत होते. सगळं मैदान एकाच स्क्रीनवर, काही सरकत नाही, सगळे सगळ्यांना दिसतात. आता समोरचा दोन ठोकळ्यांमधल्या गल्लीत शिरला की तोंडाशी बॉम्ब ठेवायचा, संपला विषय. पण तुमच्या बॉम्बचा जाळ दुसऱ्या बॉम्बला लागला की तो लगेच फुटतो, त्यामुळे अर्ध्या वेळा आपणच आपल्या बॉम्बने जातो. आणि नंतरच्या भागांत तर कोणी कोपऱ्यात लपून बसलं तरी वेळ संपत आली की कडेने ठोकळे पडायला लागतात, मैदान लहान लहान होत जातं.

मग १९९३ ला सुपर निंटेंडोवर सुपर बॉम्बरमॅन. त्या मशीनला जागा दोनच कंट्रोलरची, म्हणून हडसनने चौघांसाठी मल्टिटॅप काढलं, गेमसोबत एकाच बॉक्समध्येही विकलं. १९९६ चा, सेगाच्या सॅटर्न मशीनवरचा सॅटर्न बॉम्बरमॅन तर कहरच, दहा जण! माणसं मुंगीएवढी दिसतात, आपण कुठला हेच शोधत बसायचं.

बॉम्बरमॅन ६४, १९९७, थ्रीडी. त्यातली स्टोरी मला आवडते, पण ठोकळ्यांच्या गल्ल्याच काढून टाकल्या आणि सरळ रेषेत जाणारा स्फोट गोल केला, मग कोंडणार कुठे? आणि २००६ चा अ‍ॅक्ट झीरो... काय बोलायचं. गोंडस बॉम्बरमॅनचा काळाकुट्ट चिलखतवाला केला, एकट्याने ९९ लेव्हल, मधे सेव्ह नाही, आणि एका घरात बसून दोघांनी खेळायची सोयच नाही! अरे, गेम कोणता बनवताय ते तरी बघा.

२०१२ मध्ये हडसन कोनामी या दुसऱ्या गेम कंपनीत विरघळली. २०१७ ला निंटेंडोच्या स्विच मशीनसोबत सुपर बॉम्बरमॅन आर आला, परत एक स्क्रीन, आठ जण. मधे त्याचं ६४ जणांचं ऑनलाइन व्हर्जनपण काढलं, ते २०२२ मध्ये बंद पडलं.

आजपासून सुरू करायचं असेल तर मी आर सांगेन, थेट बॅटल मोडला, म्हणजे एकमेकांना उडवायच्या खेळाला जा, स्टोरी नंतर बघा. मागच्या दिवाळीत भावाला हाच लावून बसवला, म्हटलं लहानपणीचा सगळा हिशोब आज चुकता करतो, आणि पहिल्याच राऊंडला दहा सेकंदात मी माझ्याच बॉम्बने गेलो. परत बाजूला बसून त्याचं बघत.