बायॉप्सीचा रिपोर्ट म्हणजे चारित्र्याचा दाखला नव्हे

(सांगलीत ज्येष्ठ नागरिकांसमोर एका निवृत्त शल्यचिकित्सकांनी दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, 'लैंगिक संसर्ग आणि प्रोस्टेटचा कर्करोग' हा विषय फलकावर वाचून काही जण दारातूनच मागे फिरले, असं आत्ता अध्यक्ष सांगत होते. तुम्ही बसलात आणि वहिनीमंडळी पुढच्या रांगेत आहेत, याचा मला मनापासून आनंद आहे. ह्याच सांगलीत १९९२ पासून संग्राम संस्थेनं वेश्याव्यवसायातल्या बायकांना बरोबर घेऊन एचआयव्हीवर उघडपणे काम केलं. त्या बायका निरोधबद्दल चारचौघांत बोलल्या, तर आपण प्रोस्टेटबद्दल, म्हणजे पुरुषांच्या मूत्राशयाखालच्या ग्रंथीबद्दल, बोलायला काय हरकत आहे?

हा विषय मी मागून घेतलाय. शिराळ्याकडचे एक तात्या माझ्याकडे यायचे. तरुणपणी मुंबईत गिरणीत होते. दहा-बारा जणांची एक खोली, जेवण खानावळीत, बायको गावाकडं. १९८२ च्या संपानंतर परतले आणि शेतीला लागले. म्हातारपणी लघवी तुंबली, पीएसए, म्हणजे प्रोस्टेटमधून रक्तात येणारं प्रथिन, वाढलेलं निघालं, बायॉप्सीत, म्हणजे ग्रंथीचा तुकडा तपासला तेव्हा, कर्करोग सापडला. उपचार वेळेवर सुरू झाले असते. पण नातवाच्या मोबाइलवर कुठून तरी मजकूर आला, की हा कर्करोग 'बाहेरच्या संबंधांतून' होतो. झालं! सुनेनं ताट-वाटी वेगळी केली. धाकट्यानं तोंडावर विचारलं, "तात्या, मुंबईत काय करत होता?"

आणि मला जास्त राग कशाचा आला सांगू? ते ज्या दवाखान्यात गेले, तिथल्या डॉक्टरांनी "पूर्वी गुप्तरोग झाला होता का?" हे मुलगा-सून उभी असताना विचारलं. प्रश्न विचारायलाच हवा, पण बाकीच्यांना बाहेर बसवून. तात्या खरं बोलले. एकदा परमा (गनोरिया) झाला होता, सुया घेतल्या, बरा झाला. त्या दिवसापासून ते दवाखान्याची पायरी चढेनात. पाठीचं हाड दुखून उठवेना, तेव्हा काकू त्यांना माझ्याकडे घेऊन आल्या. म्हणाल्या, "डॉक्टर, मुंबईतलं मला तवाच कळलं होतं. तवाच भांडून घेतलंय मी. आता ह्यांच्या दुखण्याचं बघा." मधल्या काळात कर्करोग हाडांत उतरला होता. वाया गेलेले ते महिने मी अजून विसरलेलो नाही. आणि कर्करोग ताटवाटीतून पसरत नाही. परमासुद्धा नाही.

आता मूळ शंकेकडे येऊ: लैंगिक संसर्गामुळं प्रोस्टेटचा कर्करोग होतो का? शंका मुळीच वेडगळ नाही. १८४२ मध्ये इटलीतल्या व्हेरोनाचे रिगोनी-स्टर्न यांनी गावातल्या मृत्यूंच्या जुन्या नोंदी चाळल्या. गर्भाशयाचा कर्करोग लग्न झालेल्या बायकांत दिसत होता, ख्रिस्ती मठातल्या ब्रह्मचारी जोगिणींत फार क्वचित. कारण कळायला १९८३ उजाडलं. जर्मनीच्या हाराल्ड झुर हाउझेन यांनी गर्भाशयमुखाच्या गाठीत एचपीव्ही ह्या विषाणूचा १६ क्रमांकाचा प्रकार दाखवला आणि २००८ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. शरीरसंबंधातून येणारा विषाणू कर्करोग घडवतो, हे पक्कं झालं. मग पुरुषांतही तसंच असेल, असं कुणालाही वाटणार. प्रोस्टेटमधून तर मूत्रमार्गच जातो. जंतू तिथवर पोचतात, सूज येते, सूज रेंगाळली की पेशींची मोडतोड आणि दुरुस्ती चालूच राहते, आणि तिथं बिघाडाला वाव मिळतो.

मग जोगिणींसारखे पुरुष कुठं मिळणार? कॅथलिक धर्मगुरू! १९८१ मध्ये लॉस एंजेलिसच्या धर्मगुरूंचा अभ्यास प्रसिद्ध झाला. ब्रह्मचारी माणसं, म्हणजे प्रोस्टेटच्या कर्करोगानं मृत्यू कमी हवेत. कमी नव्हते. आता हसताय, पण घरी गेल्यावर ह्यावर विचार करा.

जाता जाता एक सांगतो. १९६६ चं वैद्यकाचं नोबेल दोघांत विभागलं गेलं. एक पेटन राउस. कोंबडीतली गाठ विषाणूमुळं होते, हे त्यांनी १९११ मध्ये दाखवलं आणि दाद मिळायला ५५ वर्षं लागली. दुसरे चार्ल्स हगिन्स. प्रोस्टेटचा कर्करोग पुरुषी संप्रेरकावर पोसला जातो, हे त्यांनी १९४१ मध्ये दाखवलं. तात्यांची हाडदुखी कमी केली ती ह्याच शोधावरच्या उपचारानं. मला हे दोघेही फार... बरं, चिठ्ठी आली आहे. हॉल द्यायचाय. भराभर सांगतो.

परमा, गरमी (सिफिलिस) वगैरे होऊन गेलेल्यांत हा कर्करोग काहीसा जास्त दिसतो. अनेक अभ्यास एकत्र केले तर जोखीम साधारण दीडपट भरते. तुलनेला, सिगारेट ओढणाऱ्याला फुप्फुसाच्या कर्करोगाची जोखीम १५ ते ३० पट असते. त्यात हे बहुतेक अभ्यास रुग्णांना जुन्या गोष्टी विचारून केलेले. आजारी माणूस भूतकाळ जास्त खणतो. शरीरसंबंधातून पसरणाऱ्या ट्रायकोमोनास नावाच्या परजीवीचा ह्या कर्करोगाशी २००६ मध्ये संबंध दिसला, नंतरच्या काही अभ्यासांत दिसला नाही. एक्सएमआरव्ही हा विषाणू २००६ मध्ये प्रोस्टेटच्या गाठींत सापडल्याचा गाजावाजा झाला. तो प्रयोगशाळेत, उंदरांत गाठी वाढवताना तयार झालेला निघाला आणि २०१२ मध्ये तो शोधनिबंध मागे घेतला गेला.

पीएसएचा घोळ वेगळाच. आपल्या कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ४० फुटांवर गेलं की इशारा मिळतो, पण ते पाणी कोयना धरणातून सोडलं की पाऊस इथंच कोसळला, हे पाणी मोजायची ती पट्टी सांगत नाही. पीएसए तसाच. संसर्गानं वाढतो, वयानं ग्रंथी मोठी झाली तरी वाढतो, कर्करोगानंही वाढतो. म्हणून ज्याला लघवीची तक्रार जास्त, त्याच्या तपासण्या जास्त, आणि कर्करोगही त्याच्यातच जास्त सापडतो. पक्की कारणं आजही तीच आहेत: वय, वडील किंवा भावाला झालेला हा कर्करोग, बीआरसीए-२ सारख्या जनुकांतला वारशानं आलेला बिघाड, आणि आफ्रिकी वंश. माझं मत विचाराल तर, संसर्ग थोडा हातभार लावत असेलही, पण एका माणसाच्या रिपोर्टवर बोट ठेवून 'हे त्यामुळंच झालं' असं म्हणायचा अधिकार कुणालाही नाही, मलाही नाही.

तुमच्या प्रश्नांच्या चिठ्ठ्या पाहिल्या. लघवीचा संसर्ग चालू असताना पीएसए करू नका, बरं झाल्यावर सहा आठवडे थांबा. आदल्या दोन दिवसांत दामटून सायकल नको आणि शरीरसंबंधही नको. वडिलांना किंवा भावाला हा आजार झाला असेल, तर पंचेचाळिशीतच डॉक्टरांशी बोला. घरातल्या तरुण मुलाला जळजळ, पू, जखम असं काही असेल, तर एसटी स्टँडजवळच्या भिंतीवरचा 'गुप्तरोग तज्ज्ञ' नको. सरकारी रुग्णालयात सुरक्षा क्लिनिक असतं, औषध फुकट मिळतं, नाव बाहेर जात नाही. आणि जोडीदाराचाही उपचार करून घ्यायला सांगा, नाहीतर तोच आजार पुन्हा त्याच्याकडं येतो.