नुसती मशेरी तर लावते!

नमस्कार मंडळी. आज गरोदरपणातल्या उत्तेजक पदार्थांबद्दल बोलायचंय, आणि लगेच एमडी (मेफेड्रोन हे ड्रग), कोकेन असलं काही डोळ्यासमोर येईल, त्यावर येतेच, पण आधी दिघ्यातली गोष्ट.

चाळीत गरोदर बायकांची यादी करत फिरत होते. सातव्या महिन्यातली एक सूनबाई, चेहरा उतरलेला, वजन वाढत नाही. विचारलं, तंबाखू वगैरे खाते का गं? ‘छ्या, काय पण सिस्टर!’ व्यसन? ‘नाय ओ.’ मी लिहिलं, नाही. तेवढ्यात आतून खमंग-जळका वास आला आणि मला जोरात ठसका लागला. सासूबाई तव्यावर तंबाखू परतत बसलेल्या, काळीकुट्ट होईपर्यंत. म्हटलं, हे कोणाला? ‘दोघींना. मशेरी हाय, दात घासायला. तिला मळमळतं ना, मग दिवसातून चार-पाच वेळा लावती बिचारी, बरं वाटतं तिला.’ वर डबी पुढे केली, घ्या सिस्टर, ताजी हाय!

आता सांगा, ती पोरगी खोटं बोलली का? तिच्या हिशेबात ते दात घासणंच. म्हणून मी आता व्यसन विचारतच नाही, दात कशाने घासता ते विचारते. परत सांगते, दात कशाने घासता, हे विचारा.

मशेरी म्हणजे भाजलेला तंबाखूच, आणि निकोटीन हे उत्तेजकच. हिरडीतून रक्तात, रक्तातून वारेतून बाळापर्यंत. रक्तवाहिन्या आवळतात, बाळाला मिळायचं ते कमी मिळतं. आपल्या मुंबईतल्याच १२१७ बायकांचा अभ्यास २००४ साली छापून आला, तंबाखू, मशेरी वापरणाऱ्यांची बाळं सरासरी १०५ ग्रॅमने हलकी निघाली, दिवस भरायच्या आधी बाळंत होणाऱ्याही जास्त. आधीच अडीच किलोच्या काठावरचं बाळ, त्यात शंभर ग्रॅम म्हणजे थोडं नाही हो. आणि गुटखाबंदी २०१२ पासून आहे म्हणे, टपरीवर जाऊन बघा एकदा!

असो. कोकेन, मेथ (मेथॲम्फेटामाइन) असल्या ड्रग्जचं तर आणखी वाईट, आईचं बीपी भडकतं, वार आधीच सुटून रक्तस्राव होऊ शकतो, बाळ सुस्त राहतं, दूध नीट ओढत नाही. अशी सवय असेल तर लपवू नका, डॉक्टरांना सांगा, आणि त्या भीतीने तपासणी चुकवू नका, तपासणी चुकवू नका.

सासूबाईंनी तवा लगेच नाही सोडला, भांडल्या माझ्याशी. पण सुनेला टूथपेस्ट आणली, आणि तोंडात काहीतरी हवंच म्हणून भाजलेली बडीशेप. तंबाखू सोडायचा फुकट नंबर लिहून घ्या, १८००-११-२३५६. बाकी व्यसनांसाठी १४४४६.