पाऊणकी

(पडद्यावर: बोरी नदीचं कोरडं पात्र, उन्हात तापलेली वाळू. पात्रातलं देऊळ. दुरून रेल्वेची शिट्टी.)

हे अमळनेर. समोर आहे ती बोरी नदी, म्हणजे मे महिन्यात उरलेली तिची वाळू. साने गुरुजींनी मुलांना शिकवलं ते हे गाव. 2024च्या फेब्रुवारीत 97वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं, तेही इथेच. पश्चिमेला जाणाऱ्या गाडीत बसलं तर सुरत जवळपास अडीचशे किलोमीटर. समुद्र त्याच्याही पुढे.

आणि या गावातल्या एका माडीवर, पत्र्याखालच्या खोलीत, गेली चार वर्षं मी कोकणातल्या एका लहानशा बंदरावरची रहस्यकादंबरी लिहितो आहे.

(पडद्यावर: टेबल, कागदांचा गठ्ठा, भिंतीवर तिथी-वारांचं कॅलेंडर.)

इंग्रजीत या प्रकाराला 'कोझी मिस्ट्री' म्हणतात. मी घरगुती रहस्यकथा म्हणतो. खून होतो, पण रक्त पानावर सांडत नाही. तपास करणारं माणूस पोलीस खात्यातलं नसतं. गावातलंच कुणीतरी असतं, ज्याच्याकडे लोक येऊन आपसूक बोलतात. आणि सगळे धागे वाचकासमोर उघडे ठेवावे लागतात. लेखकाने धागा लपवायचा नाही, फक्त तो साध्या वस्तूंमध्ये मिसळून ठेवायचा. मला या प्रकारातली ही सचोटी फार आवडते.

समुद्रकाठचं गाव या कथांना का मानवतं? या परंपरेवर जिची छाप सगळ्यात खोल आहे, ती अगाथा क्रिस्ती 1890 साली टॉर्की या इंग्लंडच्या किनाऱ्यावरच्या गावात जन्मली. पहिल्या महायुद्धात तिथल्याच रुग्णालयाच्या औषधखान्यात काम करताना तिला विषांची ओळख झाली. पण माझ्या मते खरं कारण गावाच्या रचनेत आहे. अशा गावाला एक बाजू कायमची बंद असते. एकच रस्ता, एकच धक्का. कोण आलं, कोण गेलं, हे कुणाला तरी दिसलेलं असतंच.

कोकणात तर निसर्ग आणि कायदा मिळून गावाला कडी घालतात. महाराष्ट्रात 1 जून ते 31 जुलै यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते. माशांच्या विणीचा काळ, वर खवळलेला समुद्र. बोटी वर ओढून झावळ्यांनी झाकलेल्या. एरवी आठ-आठ दिवस पाण्यावर असणारे पुरुष त्या दोन महिन्यांत घरी. सगळं गाव एका जागी, आणि बाहेर पाऊस. मी माझी गोष्ट तिथे ठेवली.

(पडद्यावर: खाडीचा गढूळ काठ, दगडी धक्का, चिखलात कललेली होडी.)

बर्फ कारखान्याचे जुने हिशेबनीस आषाढी एकादशीच्या दिवशी मृत सापडतात. तपास करते एक निवृत्त अंगणवाडी सेविका. गावातलं प्रत्येक पोर तिने तराजूत बसवून तोललेलं आहे, कुठल्या घरात दूध पुरत नव्हतं हे तिला ठाऊक आहे. तिला प्रश्न विचारावे लागत नाहीत, ती ओसरीवर बसली की गोष्टी येतात. हे पात्र मला कोकणात सापडलं नाही. आमच्याच गल्लीतली माणसं मी तिच्यात ओतली आहेत.

समुद्र मात्र मला येत नव्हता.

तो शिकायला मी तीनदा कोकणात गेलो. उधाण म्हणजे काय, भांग म्हणजे काय, हे तिथे कळलं. अमावास्या-पौर्णिमेला पाणी जोरात चढतं-उतरतं ते उधाण, अष्टमीच्या आसपास त्याचा जोर ओसरतो तो भांग. आणि एका वयस्कर खलाशाने मला एक हिशेब दिला. तिथीची पाऊणपट करायची, की पूर्ण भरतीची वेळ निघते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. तिथून सहा तासांनी ओहोटी. भरती रोज पाऊण तासाने पुढे सरकते, कारण चंद्र रोज तेवढा उशिरा माथ्यावर येतो. जागोजागी थोडं मागेपुढे होतं, पण आडाखा पक्का. मी तो वहीत लिहून घेतला आणि तिसऱ्या प्रकरणात खलाशाच्या तोंडी घातला. शोभेसाठी म्हणा ना.

(पडद्यावर: दुपार. ओटा. सुपात भगर निवडणारे हात.)

ही माझी फुई. वडिलांची बहीण. तिसरीपर्यंत शिकली. समुद्र तिने पाहिलेला नाही. प्रत्येक प्रकरण लिहून झालं की दुपारी मी तिला वाचून दाखवतो. ती निवडत-टिपत ऐकते आणि मी थांबलो की एवढंच विचारते, "मंग? फुढे काय व्हयनं?"

नवव्या प्रकरणात मी लिहिलं होतं, की एकादशीच्या दुपारी दोन वाजता एक माणूस पलीकडच्या काठावरून होडीने येतो आणि गावच्या धक्क्याला उतरतो. खून त्याआधीच झालेला, म्हणून हा माणूस सुटतो. मी पुढे वाचत गेलो. फुईचे हात सुपात थांबले होते.

"भाऊ," ती म्हणाली, "अकराची पाऊणकी सव्वाआठ."

मला काही उमजेना.

"सव्वाआठले भरती. मंग सव्वादोनले ओहोटी. दोन वाजता होडी कशी लागनी?"

पावकी, निमकी, पाऊणकी हे जुने पाढे तिला आजही तोंडपाठ आहेत. कापसाच्या आणि धान्याच्या बाजारात तिने आयुष्यभर त्यांवरच हिशेब केले. आणि तिथी तर तिला विचारायलाच नको. उपास कधी, सोडायचा कधी, हे सगळं त्याच कॅलेंडरवर चालतं. सहा प्रकरणांपूर्वी ऐकलेलं तिने जपून ठेवलं होतं आणि एका होडीला चिखलात उभं केलं होतं.

मी ती चूक दुरुस्त केली नाही. आता तो माणूस खोटं बोलतो, आणि माझी अंगणवाडीताई ते त्याच हिशेबाने पकडते. पुढची पाच प्रकरणं नव्याने लिहावी लागली. खुनी तोच का, ते इथे सांगणार नाही.

एक दुरुस्ती मात्र कोकणातून आली. बंदरावरच्या बाईच्या तोंडी मी लिहिलं होतं, "एकादशीची भगर शिजत होती." तिकडच्या एका वाचक मैत्रिणीने ती ओळ खोडली. आमच्याकडे वरी म्हणतात, असं तिने समासात लिहिलं. धान्य तेच, उपास तोच. मी बराच वेळ त्या खोडलेल्या शब्दाकडे पाहत बसलो होतो.

(पडद्यावर: संध्याकाळ. बोरीच्या पात्रात यात्रेची दुकानं, दिवे, गर्दी.)

वैशाख शुद्ध एकादशीला अमळनेरात संत सखाराम महाराजांचा रथ निघतो. नदीच्या वाळूत दुकानं लागतात, पाळणे लागतात. पावसाळ्यात याच पात्रातून पाणी तापीला मिळतं आणि तापी ते सुरतेपलीकडे अरबी समुद्राला नेऊन देते.

यंदा फुईला घेऊन गेलो होतो. गर्दीत उभं राहवेना, म्हणून तिला भांड्यांच्या एका दुकानाबाहेर खुर्ची मागून बसवलं. तिने माझा हात ओढून घड्याळ पाहिलं. आठ वाजून वीस मिनिटं झाली होती.

"आते तठे भरती व्हयनी व्हई," ती म्हणाली, आणि रथाची वाट बघू लागली.